दीडशेला एक

थिबा पॉइंटवर संध्याकाळी जाऊन उभं राहावं. खाली काजळी नदी खाडी होऊन समुद्राला मिळत असते. भाट्याच्या पुलावरून दिवे लावलेली एसटी पावसकडे निघालेली असते. अलीकडे राजिवड्याच्या होड्या, पलीकडे माडांची रांग. पूर्वेला नजर वळवली की तेच पाणी डोंगरांमधून वळसे घेत आत गेलेलं दिसतं. सायकल चालवणाऱ्याला हे दृश्य फार छळतं. वाटतं, या पाण्याच्या कडेकडेने आत जावं, चांदेराईपर्यंत, जमलंच तर पार साखरप्यापर्यंत. नदी सपाट वाहते, मग तिच्या काठचा रस्ताही सपाटच असणार!

प्रत्यक्षात निघालो की अर्ध्या तासात मी सायकल हाताने ढकलत असतो. रत्नागिरीचा रस्ता पाण्याची सोबत फार वेळ करत नाही. थोडा काठाने जातो, मग मधे एखादी सोंड येते, रस्ता घाटी चढून सड्यावर येतो, वर ऊन खातो आणि पुन्हा खाली उडी मारतो. असं का होतं, आणि जगात काही ठिकाणी नदीकाठाने शंभर-दोनशे किलोमीटर जवळजवळ सपाट सायकलवाट कशी मिळते, हे समजून घ्यायचं तर आधी रेल्वेकडे जावं लागतं.

चढ मोजायची रेल्वेवाल्यांची पद्धत सोपी आहे. दीडशे मीटर पुढे गेल्यावर रूळ एक मीटर उंच झाले, तर तो ‘दीडशेला एक’ चढ. कोकण रेल्वे बांधताना चढाची मर्यादा हीच ठरवली होती. डोळ्यांना हा चढ दिसतसुद्धा नाही. आता सायकलस्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा. दीडशेला एक या चढावर त्याला मागे खेचणारं बळ ९० भागिले १५०, म्हणजे ६०० ग्रॅम. एक सोललेला नारळ म्हणा. डांबरी रस्त्यावर टायर दबण्या-फिरण्यात जेवढा जोर जातो, त्याच्याच आसपासचा हा आकडा, त्यामुळे पायांना फरक कळतो तो इतकाच की आज जरा जड जातंय. आपल्याकडची घाटी मात्र सहज बाराला एक असते. तिथे तोच हिशोब साडेसात किलोवर जातो, म्हणजे अडीच डझन हापूस. घाटी संपेपर्यंत प्रत्येक पॅडलला ते आंबे ओढायचे.

मग रेल्वे इतक्या किरकोळ चढाला का घाबरते? कारण तिचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारच कमी अडतं. हजार टनांची गाडी सपाटीवर हळू ओढायला दोनेक टनांचा जोर पुरतो. दीडशेला एक चढ आला की त्यात जवळपास सात टनांची भर पडते. चाळीसला एक आला तर पंचवीस टनांची. शिवाय गुळगुळीत रुळावर इंजिनाचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं ते वेगळंच. बोरघाटात सदतिसाला एक चढ आहे आणि म्हणून तिथे गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. सायकलवाल्याला जो चढ फारसा जाणवत नाही तो रेल्वेच्या इंजिनिअरची झोप उडवतो. म्हणून तो आधी नदी शोधतो. डोंगराळ मुलखात हजारो वर्षं झिजवून नदीनेच सर्वांत सौम्य उताराची वाट तयार करून ठेवलेली असते. रूळ तिच्या काठाने नेले की अर्धं काम झालं.

अशी रेल्वे पुढे बंद पडली, की मागे जे उरतं ते सायकलवाल्यासाठी घबाड असतं.

कॅनडात, क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलच्या उत्तरेला ‘प्ती त्रँ द्यू नोर’ नावाची वाट आहे. नावाचा अर्थ उत्तरेची छोटी गाडी. सँ-जेरोम गावापासून माँ-लोरिएपर्यंत दोनशे किलोमीटर, वाटेत बराच भाग नद्यांच्या काठाने. ही रेल्वे १९०९ मध्ये माँ-लोरिएला पोचली. लाकूड आणि माणसं वाहत होतीच, पुढे हिवाळ्यात मॉन्ट्रियलची हौशी मंडळी स्की खांद्यावर टाकून याच गाडीने डोंगरात जायला लागली. मोटारी आल्या, रस्ते झाले, गाडी रिकामी धावू लागली आणि शेवटी थांबली. १९९६ मध्ये त्याच मार्गावर सायकलवाट सुरू झाली. अमेरिकेतली एलरॉय–स्पार्टा ही विस्कॉन्सिनमधली वाट याहून जुनी, १९६७ ची. तिच्यावर तीन बोगदे आहेत आणि त्यांना चक्क लाकडी दरवाजे आहेत. हिवाळ्यात आत पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून गाडी गेली की दरवाजे लावून घेत. सगळ्यात लांब बोगदा सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर. आमच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यापुढे ते पोर, पण सायकल हातात धरून टॉर्चच्या उजेडात चालायला तेवढंही पुष्कळ होतं.

रूळ उचलल्यावर वाट कशी बनते? आधी लोखंड जातं, कारण भंगाराला भाव असतो. मग स्लीपर. लाकडी स्लीपरला कीड लागू नये म्हणून डांबरासारखं तेल पाजलेलं असतं, तेव्हा ते शेकोटीत घालून चालत नाही. खाली उरते खडी. ती टोकदार असते आणि सायकलला अजिबात सोसत नाही, म्हणून वर बारीक कच आणि दगडाची भुकटी पसरून रोलर फिरवतात. खरी मेहनत पुलांवर. रेल्वेच्या पुलाला मधे फळी नसते, स्लीपरच्या फटीतून थेट पाणी दिसतं. तिथे लाकडी फळ्या आणि कठडे बसवावे लागतात. गटारं, मोऱ्या आणि भराव मात्र आयते मिळतात. शंभर वर्षांपूर्वी हजार टनांच्या गाडीसाठी बांधलेल्या भरावावर आता माणूस आणि सायकल जाणार, त्याला काय होतंय! जुन्या स्टेशनांत कॉफी मिळते, पंक्चर काढून मिळतं.

आणि मग बर्फ पडतं. हे मला वाचून कळलं तेव्हा मजा वाटली होती. रत्नागिरीच्या माणसाने बर्फ पाहिलेलं असतं ते मासळीच्या पेटीत. तिकडे सँ-जेरोमपासून वाल-दाविदपर्यंतच्या टप्प्यावर हिवाळ्यात सायकली बंद होतात आणि लोक लांब, अरुंद स्कीवर चालत-घसरत जातात. डोंगरावरून सुसाट खाली येण्याचा तो खेळ निराळा. हा सपाटीवरचा, एक पाय पुढे, मग दुसरा, हातात दोन काठ्या. यासाठी पहाटे एक यंत्र येऊन बर्फ दाबून जातं आणि त्यात दोन समांतर खाचा पाडतं. एकेका खाचेत एकेक स्की बसते. म्हणजे रूळ उचलून नेलेल्या जागी हिवाळाभर पुन्हा दोन रूळ उमटतात, फक्त उलटे, जमिनीत कोरलेले.

इथेही रेल्वेचा चढच उपयोगी पडतो. दाबलेल्या बर्फावर स्कीला घर्षण असतं, ढोबळ मानाने वजनाच्या तीन ते पाच टक्के. दीडशेला एक म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. त्यामुळे उतारावर माणूस आपोआप पळत सुटत नाही आणि चढावर मागे घसरत नाही. सत्तर वर्षांच्या आजी आणि सात वर्षांचा नातू एकाच वाटेवर जाऊ शकतात. हेच डोंगरउतारावर करायला गेलं तर दोघांपैकी एकाचं हाड मोडेल.

आता परत काजळीकडे.

कोकणचा नकाशा उघडून दोन बोटं ठेवा. सह्याद्री पूर्वेला, समुद्र पश्चिमेला, मधे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, सगळ्या पूर्वेकडून पश्चिमेला धावतात. आणि रेल्वे जायची होती मुंबईकडून मंगळूरकडे, उत्तरेकडून दक्षिणेला. म्हणजे नदी आणि रूळ एकमेकांना काटकोनात. जगभर जी नदी रेल्वेची वाटाडी असते, ती कोकणात आडवी पडलेली. कोकण रेल्वेच्या साऱ्या कौतुकाचं आणि साऱ्या खर्चाचं मूळ या एका काटकोनात आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष, आणि १९९८ च्या २६ जानेवारीला सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. त्यात नव्वदच्या वर बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. नदीच्या काठाने जाणाऱ्या रेल्वेला इतके पूल कशाला लागले असते?

रत्नागिरी स्टेशनच्या दोन बाजूंना हे अगदी जवळून बघायला मिळतं. उत्तरेला उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुड्याचा बोगदा. तिथे सडा आडवा आला, तो फोडला. दक्षिणेला थोड्या अंतरावर पानवलचा पूल. तिथे दरी आडवी आली, ती ओलांडली. हा पूल ४२४ मीटर लांब आणि जमिनीपासून सुमारे ६४ मीटर उंच. इतक्या उंचीवर खालून टेकू उभारून काम करणं अवघड, म्हणून पुलाचा वरचा भाग दरीच्या एका टोकाला जमिनीवर ओतायचा, घट्ट झाला की जॅक लावून थोडा पुढे खांबांवर सरकवायचा, मागे पुढचा तुकडा ओतायचा, अशा रीतीने तो जणू दरीवर ढकलत नेला. देशात हे तंत्र वापरलेल्या सुरुवातीच्या पुलांपैकी हा एक. मी खाली उभा राहून एकदा गाडी जाताना पाहिली. खांब इतके बारीक दिसतात की वर गाडी आली तेव्हा नकळत दोन पावलं मागे सरलो. खाली पऱ्या वाहत होता, त्यावर लोकांनी जाण्या-येण्यापुरता साकव टाकलेला. एकाच पाण्यावर दोन पूल, एक गावाचा आणि एक देशाचा.

रस्त्याला ही चैन परवडत नाही. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. रत्नागिरीचा विमानतळ अशाच सड्यावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ९० मीटर. या ९० मीटरवरून खाडीपर्यंत दीडशेला एक या उताराने यायचं तर साडेतेरा किलोमीटर वळसे घ्यावे लागतील. बाराला एक उताराने किलोमीटरभरात खाली. रस्ता बांधणाऱ्याने दुसरा पर्याय घेतला, आणि बैलगाडीच्या काळापासून त्याचं नाव घाटी पडलं.

पण मग नदीच्या अगदी काठाने रस्ता का नाही केला कुणी? याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सुचलं, आणि ते फार साधं होतं. कोकणात नदी हाच रस्ता होता. भरतीचं पाणी जिथवर आत येतं तिथवर पडाव आणि मचवे जात. जिथे भरती थकते तिथे बंदर आणि बाजारपेठ. चिपळूण वाशिष्ठीवर असंच बसलंय, संगमेश्वर शास्त्रीवर, राजापूर अर्जुनेवर. होडीतला माल तिथे उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटावर जायचा, चिपळूणहून कुंभार्लीने, संगमेश्वराकडून आंबा घाटाने, राजापुराकडून अणस्कुऱ्याने. पाण्यावर चढ शून्य. भरती लागली की होडी आत, ओहोटी लागली की बाहेर, ढकलायचं काम चंद्राकडे. फुकटचा सपाट रस्ता समोर वाहत असताना त्याच्या काठाने दुसरा बांधायला कोण जाईल? पुढे खाड्या गाळाने भरल्या, लाँचा बंद झाल्या, डांबरी रस्ते आले तेव्हा ते सड्यावरून गेले. सडा कोरडा, तिथे भराव लागत नाही आणि पुराचं पाणी चढत नाही. काजळीला पूर आला की चांदेराईच्या बाजारपेठेत पाणी शिरतं, तिथल्या दुकानदाराला नदीकाठच्या सपाटीची किंमत कुणी समजावून सांगायला नको.

रूळही सुखात नाहीत. रत्नागिरी आणि निवसरमध्ये पोमेंडीला रुळांसाठी जो डोंगर कापला आहे, त्याने कोकण रेल्वेला अनेक पावसाळे त्रास दिला. वर जांभा, तो चाळणीसारखा, पाणी पिऊन घेतो. खाली मऊ चिकणमाती, ती पाणी प्याली की साबणासारखी होते. दोन्हींच्या मधून डोंगर उतरतो. भिंती, जाळ्या, पावसाळ्यातली गस्त आणि गाड्यांचं वेगळं वेळापत्रक हे सगळं त्यासाठीच. तेव्हा काठाने सायकलवाट करायची म्हटली तर पहिला खर्च डांबराचा नसेल, पाणी काढून देण्याचा असेल.

महाराष्ट्रात बंद रुळांच्या वाटा अगदीच नाहीत असं नाही. खंडाळ्याजवळ जुन्या बोरघाट मार्गावर रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी तिथे थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने चढायची. नवा मार्ग झाल्यावर १९२९ मध्ये ते बंद झालं. विदर्भातली ‘शकुंतला’ रेल्वे, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, आता थांबली आहे. मला विचाराल तर तिच्यावर सायकलवाट करा असं म्हणायची माझी हिंमत नाही. तिथल्या लोकांना गाडी हवी आहे, ब्रॉडगेज हवं आहे, आणि ते रास्त आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये कायदा बदलून एक सोय केली: रूळ उचलले तरी जमिनीचा सलग पट्टा मोडायचा नाही, आज त्यावर वाट चालू द्यायची, उद्या गरज पडली तर पुन्हा रूळ टाकायचे. आपल्याकडे पट्टा एकदा सुटला की त्यावर टपरी येते, मग दुकान, मग दुकानाचा कर. ही सोय आपण उचलण्यासारखी आहे.

कोकण रेल्वेचे रूळ तर चांगले जिवंत आहेत आणि त्यांच्या कडेने सायकल घालण्याचा विचारही करू नका. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी बोगद्यातून येणारी गाडी तुमचा निकाल लावेल.

मग काजळीच्या काठाने जायचं तरी कसं? तुकड्यातुकड्यांनी. काजरघाटीतून खाली उतरलात की सोमेश्वर, पोमेंडी, हरचिरी, चांदेराई या बाजूला नदी हाताशी येते. डावी-उजवीकडे भाताचे मळे, बांधावर माड. खाडीचा भाग आहे तिथे काही ठिकाणी खारबंध भेटतात, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले मातीचे लांब बांध. त्यांत उघाडी असते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी झडप. बांधाचा माथा जवळजवळ रेल्वेच्या भरावासारखाच, सपाट, पाण्याला लागून. रत्नागिरीला नदीकाठची सपाट वाट कुठे सापडली तर ती इथेच सापडेल, पण बांध शेतकऱ्याचा आहे. ओल्या दिवसांत त्यावर टायरची चाकोरी पडली की तिथूनच पाणी फुटतं. सायकल खाली ठेवून चाला, आणि समोर कुणी असेल तर विचारून चाला.

निघण्याआधी तिथी बघा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या भरतीला बांधाच्या कडेचा चिखल पाण्याखाली असतो आणि फोटो छान येतात. ओहोटीला चिखलात खेकडे आणि बगळे दिसतात, वासही येतो.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिकडे बर्फ पडलं की वाट स्कीवाल्यांची होते, आपल्याकडे पाऊस लागला की ती शेतकऱ्याची होते, तेव्हा जून ते सप्टेंबर सायकल पडवीत टांगून ठेवा. सकाळी लवकर निघा, सूर्य चढायच्या आत चांदेराई गाठा, चहा घ्या आणि दहाच्या आधी मागे वळा. त्यानंतर समुद्रावरचा वारा खाडीच्या नळीतून आत शिरतो आणि परतताना तो थेट तोंडावर येतो. काजरघाटीचा चढही परतीलाच आहे, त्यामुळे ते अडीच डझन आंबे वाऱ्यातच ओढावे लागतील. पाण्याची बाटली तिथवर भरलेली ठेवा.